माटोळीची दोरी

ती. मावशीस,
पेडण्याहून देवेशचा नमस्कार.

म्हापशाला जाणारं चवथीचं गिऱ्हाईक यंदा आपल्या बाजारात वळलं. बंद दुकानंसुद्धा उघडली. आम्ही दुकानदारांनी मिळून रस्ता धुतला, चुन्याने पाटीवाल्यांच्या जागा आखल्या आणि त्याआधी बोलावलेल्या सभेला आलेल्यांनाच त्या वाटल्या.

सभेच्या दिवशी तू हळर्णच्या डोंगरावर दोरीसाठी केवणीच्या झाडाची साल काढत होतीस, हे मला ठाऊक होतं. तरी तू पाटी घेऊन आलीस तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हटलं, "नियम तो नियम, मावशी. पुढच्या वर्षी सभेला ये." बाजाराच्या सेक्रेटरीने, म्हणजे मी, स्वतःच्या मावशीला जागा दिली असं कुणी म्हणू नये, एवढीच भीती. तू "बरें, पुता" म्हणालीस आणि पाटी परत डोक्यावर घेतलीस.

मग घरी गणपतीवर फळांची माटोळी टांगायला स्टुलावर चढलो. नारळ, सुपाऱ्या, कांगलांची रानफळं, सगळं आपल्याच बाजारातलं होतं. ते बांधायला केवणीची दोरी मात्र अख्ख्या बाजारात मिळाली नाही. ती तूच वळून आणायचीस. शेवटी प्लॅस्टिकच्या दोरीने बांधलं.

हे पत्र टाकलं तर तू दुसऱ्याच दिवशी दोरी घेऊन दारात उभी राहशील. म्हणून टाकत नाही.

त्या दिवशीही तू ज्याला पूत म्हणालीस, तो
देवेश