रिपोर्ट स्वच्छ होता

अप्पा, मला स्टेंट बसवून सहा महिने झाले. तुम्हाला बसवला होता तसाच, औषधाचा लेप असलेला, फक्त आताचा नवा. देशपांडे नगरातल्या आमच्या औषधांच्या दुकानाचा माल वरच्या मजल्यावर असतो. तो जिना चढताना महिनाभर छातीत आवळून येतंय, बसलं की दोन मिनिटांत जातं. पुन्हा अँजिओग्राफी झाली, रक्तवाहिनी मोकळी निघाली. तुमचा नातू रिपोर्ट वाचून म्हणाला, सगळं क्लिअर आहे की, उगीच मनाला लावून घेतेस. मी रिपोर्ट घडी करून ठेवला. कोणत्या तोंडानं बोलणार? तुम्हाला तर मी याहून वाईट शब्द ऐकवला होता.

तो शनिवार. धारवाडजवळच्या टेकडीवरच्या मारुतीला तेल घालायचा तुमचा नेम, आणि त्यावर तुमचा नियम, की स्वतःच्या पायांनी चढून स्वतःच्या हातानं घातलं तरच ते पोचतं. आईला ताप असतानाही तुम्ही चढायला लावलं होतंत. त्या दिवशी अर्ध्या पायऱ्यांवर तुम्ही बसता, छातीवर तळवा दाबता आणि तेलाची बाटली माझ्यापुढं धरता. "साकु ग, पुरे झालं आता. छातीत आवळतंय. आजच्या दिवस तूच घाल की."

मी बाटली घेतली नाही. आठवड्यापूर्वीच डॉक्टरांनी पडद्यावर तुमची स्टेंट बसवलेली रक्तवाहिनी दाखवली होती, नळासारखी स्वच्छ वाहत होती. मी दिवसभर हृदयाच्या गोळ्या विकणारी, मला सगळं कळतं असा माझा समज. "नाटकं करू नका अप्पा. रिपोर्ट स्वच्छ आहे," मी म्हणाले. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, कठड्याला धरून उठलात आणि चढलात. त्यानंतर मरेपर्यंत तुम्ही छातीचं नाव काढलं नाहीत.

तो शब्द तुमचाच होता. पाचवीत गणिताच्या परीक्षेदिवशी पोट दुखतंय म्हणून मी अंथरुणात पडून होते. तुम्ही त्याच शाळेत मास्तर. दंडाला धरून नेलंत आणि प्रार्थनेच्या रांगांसमोर उभं करून म्हणालात, नाटकं करणारी मुलगी कशी असते ते बघून ठेवा. मुली वर्षभर मला त्याच नावानं चिडवत होत्या. तो अपमान मी मोठी झाल्यावरही उराशी धरून होते, आणि त्या पायऱ्यांवर मला संधी मिळाली. खोटं कशाला बोलू, उठून चढू लागलेले तुम्ही पाठमोरे दिसलात तेव्हा मला बरं वाटलं होतं.

परवा डॉक्टरांनी मला कागदावर रेघ काढून समजावलं. तो लेप स्टेंटच्या जाळीत पुन्हा मांस वाढू देत नाही, म्हणून वाट बुजत नाही. पण त्याच औषधानं रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर भरून यायला वेळ लागतो, काहींच्या बाबतीत ते नीट कामच करत नाही. मग चढताना, धावताना जी रक्तवाहिनी रुंदावायला हवी ती स्टेंटच्या पुढच्या भागात उलट आखडते. टेबलावर आडवं पडलेल्या माणसाच्या चित्रात हे दिसेलच असं नाही. जुन्या लेपांमध्ये हे जास्त व्हायचं, असंही म्हणाले. त्यांनी नवी गोळी लिहून दिली.

तुम्ही हृदयानं गेला नाहीत, न्यूमोनियानं गेलात, आणि इतकी वर्षं मी त्याच आधारावर निवांत होते. पण तुमच्या दहाव्यानंतरच्या शनिवारी मी तेल घेऊन गेले तेव्हा पायथ्याची फुलवाली म्हणाली होती, "अण्णा वर जात नव्हते अक्का. इथंच बसायचे. बाटली मी न्यायची, येताना शेंदूर आणून लावायची. घरी कळू देऊ नको म्हणले होते." म्हणजे त्या शनिवारनंतर जाईपर्यंतची दोन वर्षं तुम्ही कपाळाला शेंदूर लावून आमच्यासमोर जेवायला बसत होता, आणि मी मनात म्हणत होते, बघा, चढतात की नाही.

तेव्हा मला तुमचा रागच आला. आजही येतो. आयुष्यभर सगळ्यांना धारेवर धरणारा माणूस, माझ्यावर एकदा ओरडायला काय झालं होतं? ओरडला असतात तर मी डॉक्टरांकडं नेलं असतं. तुम्ही स्वतःचा नियम मोडलात, देवाशी खोटं वागलात, पण मला दुसऱ्यांदा सांगितलं नाहीत. इतकी का मी परकी होते?

हा कागद मी दुकानाच्या खणात ठेवून देणार आहे, मुलाच्या हाती लागू नये म्हणून जुन्या चिठ्ठ्यांखाली. आणि अप्पा, पाचवीतल्या त्या दिवशी माझं पोट दुखत नव्हतं.