वेल्सवाल्यानं टोपी काढली

रविवार, संध्याकाळ.

टीव्हीवर वेल्सच्या त्या गोल्फवाल्यानं आज टोपी काढून सगळ्यांना हात केला. शेवटचा खेळ म्हणे त्याचा.

तरणा होता तेव्हा एक कप जिंकला, मग नुसता हरतच आला. तरी ह्यांचा त्याच्यावर जीव. खारघरला गोल्फच्या मैदानात गवत कापायचे ना हे. त्याचा बॉल पाण्यात पडला की मी म्हणायची, "अहो, तुमचा जावई परत आंघोळीला गेला!" हे चिडून टोपी घालायचे नि खाली निघून जायचे.

हे वारले, तरी मी खुंटीवरच्या टोपीला तसंच चिडवत आले. वेडीच मी.

सून म्हणाली, "आई, सिरीयल लावू?" लाव म्हटलं.

टोपी खुंटीवरच हाय. आता कशावरून चिडवू ह्यांना?