अंजनाबाईंच्या भिंतीवरची बाटली

बल्लारपूर,
१४ डिसेंबर २०२३

सत्यशीलाबाईंना नूरुद्दीन पेंटरचा जय भीम आणि सलाम.

इकडे सगळे ठीक. थंडीत गुडघा कुरकुरतो, बायको शमसुन्निसा माझ्यावर कुरकुरते, म्हणजे दोघंही आपापल्या जागी आहेत. मुलगा नदीम फ्लेक्सच छापतो. वाढदिवसवाले, पुढारी, नवरानवरी, सगळे एकाच मशीनमधून हसत बाहेर पडतात. माझ्या ब्रशला कधीमधी एखादा ट्रक मिळतो. म्हणून उन्हाळ्यात तुम्ही पोंभुर्ण्याहून आलात आणि म्हणालात, गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान लावतोय, भिंतींना फ्लेक्स नको, पेंटर हवा, तेव्हा मी किती फुगलो ते तुम्ही पाहिलंच.

नंतर तुम्ही दोनदा फोन केलात. दोन्ही वेळा मी गुडघ्यावरच बोलत राहिलो. समोर आलो तर तेवढंही तोंडातून निघणार नाही, म्हणून लिहितो.

अंजनाबाईंना तुम्ही बचत गटातून काढलंत, असं कळलं. त्यांच्या गल्लीतल्या बायकांना ना हळदीकुंकवाला, ना मयतीला कोणी हाक मारतं. दुकानदाराच्या साड्या घेऊन त्यांनी मतं विकली, असं गाव म्हणतं. तुमचा राग मला कळतो. वर्षभर घरोघर फिरून तुम्ही सह्या गोळा केल्यात. मतदानाच्या चिठ्ठीवर दोनच चित्रं होती. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. गावातल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त शिक्के आडवीवर पाहिजे होते, ते एकोणचाळीसनं कमी पडले. आणि दोन नंबरच्या खोलीत, जिथं त्या गल्लीचं मतदान होतं, उभीवर सत्तावन्न निघाले. कोणालाही संशय यावा असंच ते होतं.

पण साड्या कोणी घेतल्या नाहीत, बाई.

चित्र कसं काढायचं ते तुम्ही माझ्यावर सोडलं होतं. मी हिरवी उभी बाटली काढली, काचेवर उजेडाची रेघ ओढली आणि तिच्यावर लाल रंगाची मोठी फुली मारली. आडवी बाटली काढायला माझं मनच होईना. भिंतीवर ती कोणी पिऊन फेकल्यासारखी दिसते. पहिली भिंत अंजनाबाईंनी दिली, स्वतः चुना मारून. माझा खडूचा आराखडा बघून त्या म्हणाल्या, "भाऊ, चिठ्ठीवर आडवी येनार हाय न? मंग इथीबी आडवीच काढा. बायांच्या नजरेले सवय होईल."

मी हसलो. चाळीस वर्षं ब्रश धरलेल्या माणसाला हे कोण शिकवतंय, असं तोंडानं म्हणालो नाही, पण चेहऱ्यावर तेच असणार. फुली दुरून दिसते, असं काहीतरी सांगून त्यांना गप्प केलं. त्यांनी चहा दिला.

ती बाटली अकरा भिंतींत सगळ्यांत देखणी उतरली. तिचा मला एवढा गर्व की तुमच्या दारूबंदी समितीच्या मुली मतदानाची नमुना-चिठ्ठी घेऊन घरोघर निघाल्या तेव्हा मीच म्हणालो, या गल्लीत जायची गरज नाही, इथं माझं चित्र बोलतं. अंजनाबाई तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला गडचिरोलीला होत्या. त्या परतल्या मतदानाच्या सकाळी.

त्या दिवशी मी शाळेबाहेर उभा होतो. त्याच गल्लीतली सुकरी मतदान करून बाहेर आली. सत्तरीची बाई, सही करायची तर अंगठा. मला पाहून थांबली. "भाऊ, तुमी भिंतीवर दाखवली तशीच फुली मारली, उभ्या बाटलीवर. आमी साऱ्यांनीच तशी मारली. बरोबर हाय न?"

शिक्काही फुलीचाच होता, बाई. म्हणजे त्या साऱ्यांची मतं दुकानाच्या बाजूनं पडली होती. तरी मी हो म्हणालो. तिचा चेहरा इतका खूश होता.

तेव्हापासून मला सगळं माहीत आहे. दोन महिने मी गप्प राहिलो. बोललो तर माझं नाव जाईल, या वयात पुन्हा कोण भिंत देईल, एवढंच मनात होतं. मला लाज वाटते.

मागल्या सोमवारी अंजनाबाईंकडे गेलो आणि सांगून टाकलं. त्यांना ते मतमोजणीच्या दिवसापासूनच ठाऊक होतं. मग गावाला काऊन नाही सांगितलं, मी विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "सांगून का करू, भाऊ? गाव म्हनल, या गल्लीतल्या बाया अडाणी, यांइले चित्रबी समजत नाई. साड्या घेतल्या म्हनते त म्हनू दे. बेइमानी लोक इसरतात. अडाणी म्हटलं का मंग कोनी बैठकीत इचारतबी नाई."

मी पत्र लिहू का, असं विचारलं. त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाल्या, लिहा, पण बायांना समजलं नाही असं त्यात एकदाही लिहायचं नाही.

नाही लिहिलं. ते खरंही नाही. मी जे काढलं ते त्यांनी जसंच्या तसं वाचलं. चिठ्ठीवर काय येणार हे बघायचं राहिलं ते माझ्याकडून, आणि ज्या बाईनं ते आधीच बघितलं होतं तिचं मी ऐकलं नाही.

रविवारच्या बैठकीत हे पत्र मोठ्यानं वाचा. आधी अंजनाबाईंना आणि सुकरीला बोलावून पुढं बसवा, मगच वाचा. मी येतो. बायकांना जे बोलायचं ते बोलू द्या, मला वाचवू नका. मतदान पुन्हा मागता येईल तेव्हा भिंतीवर काय काढायचं ते अंजनाबाई सांगतील. मला बोलावलं नाही, तर रंग पाठवून देईन.

साड्या न घेतलेल्या सत्तावन्न बायकांचा गुन्हेगार,
नूरुद्दीन