कठड्याला मी धरते, तो मला नाही

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. (हा कागदावरचा. खराखुरा साष्टांग परवाच्या रविवारी एका खडकाला घालून झालाय, आता पुन्हा वाकायचं त्राण नाही.) वहिनींनाही नमस्कार. त्यांचा खांदा कसा आहे? तुझी गोळ्यांची डबी अजून त्याच भरतात, की तू हात लावायला लागलास? मी ठणठणीत आहे. पत्रात तसं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहीत नाही, पुरावा पुढे देते आहे.

तुझं पत्र मिळालं. मागची खोली माझ्यासाठी रंगवून घेतलीस, पलंग टाकलास, हे वाचून तुझी माया दिसली. मग त्याच दिवशी दुकानाच्या जागेचे मालक जिना चढून वर आले आणि 'तुमच्या दादांचा फोन होता, महिनाअखेरीस खाली करताय म्हणे' असं म्हणून खिडक्यांची मापं घ्यायला लागले, तेव्हा ती माया जरा जास्तच दिसली. वर त्यांनी टेप माझ्याकडेच मागितली. जिचं उभं आयुष्य लोकांची कंबर आणि बाही मोजण्यात गेलं, तिच्या दुकानाचं माप तिच्याच टेपने काढायचं. मी दिली नाही. हरवली आहे म्हणून सांगितलं. ती माझ्या गळ्यात होती, आणि मालक ती बघत होते.

तुझं म्हणणं असं, की मागच्या वेळी तू आलास तेव्हा जिना चढताना मी कठडा धरला होता, म्हणजे गुडघे गेले, म्हणजे वरच्या मजल्यावरचं दुकान झेपत नाही, म्हणजे एकटीने राहणं धोक्याचं. दादा, तो कठडा डुगडुगतो. भिंतीतला खिळा निघाल्यापासून त्याला कोणीतरी धरावं लागतं. मी त्याला धरते, तो मला नाही. एवढं तू मला विचारलं असतंस तर मालकांना फोन करायची वेळ आली नसती. पण विचारणं तुझ्या स्वभावात नाही, आणि ऐकणं माझ्या नाही, म्हणून मग मी डोंगरावर गेले.

तुला आधी कळवलं नाही, कारण तू नको म्हणाला असतास आणि मला तुझा शब्द मोडावा लागला असता. तुझा मान राखायचा म्हणून गप्प बसले. बरोबर माझी शेजारीण होती, ती मोटार शिकवणारी, जिला आम्ही ब्रेकबाई म्हणतो. शिकाऊ माणसाशेजारी बसून बसून तिच्या उजव्या पायाला अशी सवय लागली आहे की समोर कोणी काही करायला लागलं की तो आपोआप दाबला जातो. मी तिच्यासमोर चहात साखर जास्त घातली तरी दाबते. डोंगराची माहिती तिला होती, म्हणजे तिच्या एका शिकाऊ विद्यार्थ्याने तो चढल्याचं तिला सांगितलं होतं. (तो विद्यार्थी परीक्षेत चारदा नापास झालेला, हे मला निम्म्या वाटेवर कळलं.)

पहिला भाग चांगला गेला. पायवाट, झाडी, सावली. आम्ही ब्रेड आणि उकडलेली अंडी खाल्ली आणि तुझी बरीच निंदा केली. मग झाडी संपली आणि धार सुरू झाली. धार म्हणजे डोंगराचा माथा दोन्हीकडून तासत आणल्यावर मधे जेवढा उरेल तेवढा. इथे तो माझ्या इस्त्रीच्या टेबलाएवढा उरला होता. टेबल खडबडीत, आणि दोन्ही बाजूंना फरशी नाही. तिथे दोन पायांवर चालायचा प्रश्नच येत नाही, हात-पाय-गुडघे सगळे कामाला लावून पुढे सरकायचं. आणि दादा, माझे गुडघे चालले. तुला ते गेले वाटत होते ना, ते माझ्या आधी पुढच्या खडकावर पोचत होते.

धारेच्या मधोमध एक खाच आहे. इकडून उतरायचं, तिकडे चढायचं. फार नाही, आपल्या जुन्या घरच्या माळ्याएवढी उंची, पण माळ्याखाली आई उभी असायची आणि इथे खाली नुसती हवा. ब्रेकबाईने दोरी आणली होती. गाठी मारायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण माझा जन्म दोऱ्यात गेला. मी एक टोक तिच्या कमरेला बांधलं, एक माझ्या. छान बसल्या गाठी. ती आधी पलीकडे गेली आणि दोरी धरून उभी राहिली. मी खाचेत उतरायला पाय खाली सोडला, आणि तो पाय जरासा घसरल्याबरोबर तिचा उजवा पाय दाबला गेला. पायाबरोबर हातही मागे ओढले गेले. दोरीला जोराचा हिसका बसला आणि माझ्या कमरेची गाठ अलगद सुटली.

आता इथे तू हसशील. आमच्या धंद्यात कपडा पक्का शिवायच्या आधी कच्चा टाचतात, आणि कच्च्या टाक्याची गाठ अशी मारायची की नंतर एक टोक ओढलं की सगळं सुटून आलं पाहिजे. सुरगाठ. माझे हात तीच मारतात, विचारत नाहीत. निरगाठ मला येत नाही, कधी गरजच पडली नाही. तर आम्हा दोघींना मी सुरगाठीने टाचलं होतं. ब्रेकबाईने घाबरून आपल्या कमरेला हात घातला, तिच्याही हाती टोक आलं, आणि दोरी दोघींना सोडून एकटीच दरीत उतरली. तिघींत घरी जायची घाई तिलाच होती.

मी खाचेत, एक पाय इकडे, एक तिकडे. मी घाबरले होते, हे कबूल करायला मला लाज नाही. पाय थरथरत होते, मशीनच्या पायटीवर थरथरतात तसे, फक्त शिवण पुढे सरकत नव्हती. मी एक हाक मारली. (कोणाला, ते महत्त्वाचं नाही.) कोणी आलं नाही. मग ब्रेकबाई तिच्या कामावरच्या आवाजात म्हणाली, "पहिला गिअर. खाली बघू नकोस, जिथे जायचंय तिथे बघ." मी तिच्या चपट्या नाकाकडे बघत बघत चढले. वर गेल्यावर ज्या खडकाला मिठी मारली, तोच तो साष्टांगवाला.

माथ्यावर पोचलो तेव्हा तिची दुकानातून विकत घेतलेली पँट मागून पार उसवली होती. माझी मी शिवलेली, एक टाका हललेला नाही. कॉलरला सुई असतेच, मी तिची पँट तिथेच शिवून दिली, वारा खात, पाय सोडून. दादा, तेव्हा मला इतकं बरं वाटत होतं की मी तुला क्षमासुद्धा केली होती. उतरताना पलीकडची सोपी वाट सापडली आणि क्षमा परत घेतली, कारण तोवर गुडघे बोलायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी मी दुकानाचा जिना चढले, कठडा न धरता. (हात कमरेच्या वर जातच नव्हता, हे कारण वेगळं.) तरी मुद्दा सिद्ध झाला. मी येणार नाही. दुकान सोडणार नाही. मालकांना तूच फोन कर, चूक झाली म्हण, आणि जमलं तर कठड्याच्या खिळ्याचंही बोल.

तुझी धाकटी बहीण,
अजून वरच्याच मजल्यावर

ता. क. : खाचेत मी 'दादा' अशी हाक मारली हे ब्रेकबाई तुला फोन करून सांगेल, तिच्या पोटात काही राहत नाही. खरं आहे. पण त्यावरून काही ठरवू नकोस. सवयीने तोंडातून गेलं. शिवाय तू आला नाहीस आणि मी माझीच पलीकडे गेले, हेही लक्षात घे.

आणखी एक : तुमच्या गावामागे याहून लांब धार आहे असं कळतं. ती रंगवलेली खोली मोडू नकोस. पुढच्या महिन्यात आम्ही दोघी चार दिवस येतो. पलंग एकच असेल तर खाली गादी टाक, ब्रेकबाई झोपेतही पाय दाबते.

शेवटचं : लहानपणी तू माझ्या शाळेच्या बुटांना रोज निरगाठ मारायचास. वाटेत नाडी सुटून मी पडेन म्हणून. संध्याकाळी ती सुटायची नाही आणि मी रडून घर डोक्यावर घ्यायचे. ती गाठ तुला अजून येत असेल. आल्यावर शिकव. सोडवायची कशी, ते माझं मी बघेन.