गावपळण आणि माझी कासवं

८ डिसेंबर
आजपासून रोज पहाटे उठून किनारा चालणे. (आज आठला उठलो. हवा दमट.)
ऑलिव्ह रिडले कासवांची सगळी घरटी किनाऱ्यावरच्या हॅचरीत आणून पुरली. सगळी अंडी एका जागी, माझ्या देखरेखीखाली. पहिलं घरटं घरमालकीण सुभद्राकाकूंना सापडलं होतं. त्या रोज वाळूपाशी येऊन बसतात, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तशा.
कुंपण सध्या नुरुद्दीनचाचांनी दिलेल्या जुन्या मासेमारीच्या जाळ्याचं. उद्या कट्ट्याच्या बाजारात जाऊन तारेची जाळी आणायची. नक्की.

९ डिसेंबर
कट्ट्याला गेलो. भजी उत्तम. हार्डवेअरवाला जेवायला गेला होता, मग बस सुटली असती. उद्या.

१० डिसेंबर
गावपळण ठरली! रविवारपासून तीन दिवस अख्खं गाव वेशीबाहेर. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या. हिंदू, मुसलमान सगळे. देवाचा हुकूम. लोकांनी झोपड्या बांधायला घेतल्यासुद्धा.
मी दिवसापुरता रॅशनलिस्ट नाही, कायमचा आहे. मी थांबणार. माणूस नसलेला किनारा! झिरो डिस्टर्बन्स! रिसर्च पेपर परदेशातच पाठवायचा.

११ डिसेंबर
चाचा म्हणाले, जिवंत आसा ता सगळा भायर जाता, मगे अंडी हंय कशी ठेवतलास? समजावलं की आता अंडी हलवली तर आतला जीव मरतो. शास्त्र आहे. मग कोणीतरी त्यांच्याकडे रवाक व्हया, म्हणाले. म्हटलं, मी आहे ना.
काकू आधी घाबरल्या. गावात कोणी राहिलेलं त्यांना चालेना. मग म्हणाल्या, तुमी पावणे, देवाक मी सांगान. पण त्यांका सोडून जाव नकात. मी शब्द दिला. मला भरून आलं, माझ्याचबद्दल.

१३ डिसेंबर
जाळी राहिली. प्रेझेंटेशनचा फॉन्ट ठरवण्यात दिवस गेला.
हॅचरीबाहेर ठसे. कुत्र्याचे.

१४ डिसेंबर, सकाळ
गाव गेलं. टेम्पो, बैलगाड्या, डोक्यावर बोचकी. काकूंनी खुडूक कोंबडी अंड्यांसकट टोपलीत घेतली, वर लुगड्याचा तुकडा. वळणावर थांबून मला हात केला. कुत्रीसुद्धा मागोमाग गेली.

दुपार
शांतता. कुकरची शिट्टी नाही, बांग नाही, देवळातली घंटा नाही. फार छान. कुठेतरी दार आपटतंय. वारा पडलेला आहे.

४.३०
हॅचरीला प्रदक्षिणा घातल्यासारखे ताजे ठसे. कुत्र्याचेच. कुत्री तर सगळी गेली. म्हणजे एखादं राहिलं असणार.

५.४०
माडांखाली दोन बसलीत. पाठीमागे आणखी. ‘यू, यू’ केलं. आली नाहीत. गेलीही नाहीत. माझ्याकडे नाही, जाळ्याकडे बघतायत.

५.५५
एक तात्त्विक मुद्दा आत्ता लक्षात आला. मी माणूस आहे. मी इथे असेन तर झिरो डिस्टर्बन्स कसं? निघणं शास्त्रीयदृष्ट्या आवश्यक. कॅमेरा लावून ठेवतो, तो झोपत नाही की भीत नाही. देखरेखीसाठी आणलेली खुर्ची बरोबर नेतो, खाऱ्या हवेनं गंजेल.

१५ डिसेंबर
चाचांच्या झोपडीत मुक्काम. बांगड्याचं तिखलं अप्रतिम.
काकूंनी विचारलं, कासवांकडे कोण आसा? म्हटलं, कॅमेरा. त्या कोंबडीला तांदूळ टाकत राहिल्या.
उद्या पहाटे परत जाणार.

१६ डिसेंबर
पोटात कळ. शिवाय स्थानिक श्रद्धांचा आदर करायला आपण शास्त्रज्ञांनी शिकलं पाहिजे.
संध्याकाळी गावाच्या बाजूने ओरडणं ऐकू आलं. एकानं सूर धरला आणि मग सगळे. चाचा म्हणाले, कोले. गाव मोकळा पडला की खाली उतरतत. मी म्हटलं, आवाज लांबचा आहे. काकू उठून माझ्यापाशी आल्या. माका जावक येना नाय, तुमी तरी जावा, म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. उद्या नक्की, म्हटलं.

१७ डिसेंबर
गुरवाने देवाला परतण्याचा कौल मागितला. मिळाला नाही. आणखी एक दिवस बाहेर. सगळे हिरमुसले. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं.
काकूंच्या टोपलीतली अंडी फुटली. पिल्लं आहेत.

१८ डिसेंबर
कौल झाला. परतलो. मी सगळ्यांच्या पुढे पळालो, हे कुठेतरी नोंदवलं पाहिजे.
जाळं एका बाजूने फाडलेलं. खड्डेच खड्डे. वाळूवर पांढरी टरफलं, ओल्या कागदासारखी. एकही घरटं राहिलं नाही. खाली बसलो.

दुपार
कॅमेऱ्यातले फोटो पाहिले. अतिशय क्लिअर. पहिल्या फोटोत मी आहे, पाठमोरा, डोक्यावर खुर्ची घेऊन निघालेला. माझ्या मागे चार पावलांवर पहिला कोल्हा, तोंड जाळ्यात. म्हणजे मी जाईपर्यंत तो थांबला होता. तेवढंच पुरत होतं. मी नुसतं तिथे बसणं.
पेपरला हा फोटो उत्तम आहे. फक्त मला क्रॉप करावं लागेल.

सुभद्राकाकू बाहेर उभ्या आहेत. टोपलीत पिल्लं चिवचिवतायत. आमची कासवां बरी आसत मा, असं दोनदा विचारून झालं. डेटा बघतोय, म्हणून सांगितलंय.
त्या म्हणतात, बघा सावकाश, मी रवतंय.