आमच्या जीपला हळद लागली त्याची हकीगत

हट्टा, शनिवार, दुपारची सामसूम

आदरणीय मुंजाजी दाजींना धाकटा मेहुणा संतराम याचा वाकून नमस्कार.

आपल्या गुडघ्याचा पट्टा सुटला असेल, आणि ताईनं आपल्या चहात पुन्हा साखर टाकायला सुरुवात केली असेल, अशी आशा करतो. इकडे माणसं, म्हशी आणि हळद सुखरूप आहेत. जीपचं पुढे लिहितो, कारण पत्र तिच्यासाठीच आहे. घरात मोबाइल असताना हा माणूस कागद का खराब करतो, असं आपल्याला वाटेल. पण आपला मोबाइल ताईच्या कमरेला असतो. आपल्याला आलेलं सगळं ती आधी वाचते, आणि ताईनं वाचलेलं आमच्या शकुबाईला कळायला तव्यावरची भाकरी उलटण्याइतकाही वेळ लागत नाही. (नणंद-भावजयीत इतकं सख्य बरं नाही, हे मी माझ्या लग्नातच बोललो होतो. तेव्हा कुणी ऐकलं नाही.) म्हणून हे पत्र कळमनुरीच्या बाजाराला येणाऱ्या लालसिंगच्या हाती देतो आहे. वाचून झालं की चुलीत घालावं.

जीप म्हणजे तीच, बाबांची. जिच्यात बसवून आपण ताईला घेऊन गेलात, आणि जिला निम्म्या वाटेपासून वऱ्हाडानं ढकलत नेलं. (आपण नवरदेव असल्यामुळे नुसते बसून होतात, हे ताई अजून काढते.) बोनेटच्या नाकावर बाबांनी बसवलेला पितळी मारुती अजून जागेवर आहे, बाकी बरंच काही जागेवर नाही. मागच्या साली ती माझ्यासकट कालव्यात उतरली होती, ते आपल्याला ठाऊकच आहे. मी त्या वेळी आपल्याला सांगितलं होतं की समोरून म्हैस आली. म्हैस नव्हती दाजी, ब्रेक नव्हता. पण पाणी कमी होतं, मी चिखलाशिवाय काहीही न लागता वर आलो, आणि शकुबाईनं चार दिवस माझ्याशी अबोला धरला एवढंच. मला तो विषय तिथेच संपला असं वाटलं होतं.

आता मुख्य गोष्ट. आमच्या लेकीचा, सृष्टीचा, साखरपुडा उद्याचा सोडून पुढच्या रविवारी आमच्याच अंगणात आहे. पाहुणे साखरा गावचे, माणसं साधी, मुलगा शांत. (इतका शांत की मी त्याला तीनदा नाव विचारलं आणि तिन्ही वेळा त्याच्या बापानं सांगितलं.) साखरपुड्यासाठी म्हणून शकुबाईनं अंगणात नवी फरशी बसवून घेतली, पांढरी, मधे निळी फुलं. आणि त्या फरशीवर, जीपच्या नाकाखाली, तेलाचा डाग पडू लागला. पुसला की दोन-चार दिवसांत पुन्हा हजर. शकुबाई खराटा हातात धरून मला म्हणाली, "रविवारच्या आत हिचं गळणं थांबलं न्हाई, तं म्या भंगारवाल्याला बोलावते. पाव्हण्यायच्या धोतराला डाग लागल्यावर काय सांगू, सासऱ्याची आठवन हाय म्हून?" दाजी, बाबांची खरोखर एवढी एकच आठवण माझ्याकडे चालू स्थितीत आहे. त्यांचं घड्याळ बंद आहे आणि त्यांची छत्री मी हरवली.

गॅरेजला न्यायचा विचार मनात आला, पण मी तो झटकला. गॅरेजवाले एका दुखण्यासाठी सगळी गाडी उघडतात. गाडी घरची, तेल घरचं, मग दुखणंही घरच्या घरीच शोधावं, असं मी ठरवलं. मोबाइलवर एक गोरा मनुष्य याच विषयावर बोलतो. त्याची भाषा समजत नाही, पण हात समजतात. त्यानं आधी गाडीखाली पुठ्ठा अंथरला, म्हणून मीही नव्या फ्रिजचा पुठ्ठा अंथरला. सकाळी शेतावरून येऊन बघतो तर पुठ्ठ्यावर डाग, आणि डागाभोवती मुंग्यांची जत्रा. त्या गोऱ्याच्या पुठ्ठ्यावर एकही मुंगी नव्हती. मी त्यावर खूप विचार केला आणि असा निष्कर्ष काढला की त्यांच्याकडे थंडीमुळे मुंग्या नसाव्यात. संध्याकाळी शेजारचं कुत्रं येऊन तो डाग चाटून गेलं. मला उलट अभिमान वाटला, की इतकी जुनी गाडी, पण तेल कसं चवदार ठेवलं आहे.

पुढच्या पायरीला त्या मनुष्यानं इंजिन धुऊन पुसून त्यावर पांढरी पावडर उडवली. पावडर उडवायची, गाडी उभी ठेवायची, आणि तेल जिथून निघेल तिथून ओली रेघ दिसते, अशी ती युक्ती. सृष्टीची पावडर मागितली तर तिनं डबा छातीशी धरला. मग मी म्हटलं, हट्ट्यासारख्या गावात राहून आपण पावडरीसाठी कुणाच्या तोंडाकडे का बघावं? घरात हळद पोत्यानं आहे. सोमवारी संध्याकाळी डिझेलनं इंजिन धुतलं, कोरडं केलं आणि दळलेली हळद चाळणीनं चाळली. हात जरा सैल सुटला. इंजिन, बोनेट, दिवे, चाकं आणि मी, सगळे पिवळे झालो. शकुबाई बाहेर आली आणि म्हणाली, "लेकीच्या आधी गाडीला हळद लावली व्हय? आता नवरा कोन्ता बघितला तिला, ट्रॅक्टर?" तेवढ्यात शेजारच्या शिलाकाकू आल्या. त्यांना वाटलं, मी लेकीच्या कार्यासाठी काही नवस बोललो असेन. त्यांनी काही न विचारता दोन्ही दिव्यांना कुंकू लावलं, मारुतीला झेंडूचं फूल वाहिलं आणि जीपला एक प्रदक्षिणा घातली. मी पाना हातात घेऊन उभा होतो. त्यांनी मलाही हात जोडायला लावले.

मंगळवारी पहाटे मी हळदीला पाणी द्यायला गेलो. (लाईट त्याच वेळी येते, त्यामुळे पहाटे मी घरी नसतोच.) परत येऊन बघतो तर तपास लागलेला. पिवळ्या हळदीत तांबडी ओली रेघ, स्पष्ट. पण ती इंजिनातून खाली जात नव्हती. मारुतीच्या पायापासून निघून, बोनेटच्या फटीतून आत, इंजिनावरून खाली फरशीवर. म्हणजे तेल वरून येत होतं. दुसरा कुणी असता तर इथे थबकला असता. मी डोकं चालवलं. इंजिन तापलं की तेलाची वाफ होते, वाफ वर जाते, फटीतून बाहेर पडते आणि मारुतीच्या पायाशी गार होऊन परत तेल होते. याचा अर्थ वरचं झाकण ढिलं. बुधवारपासून मी झाकणाच्या मागे लागलो. ते उघडलं, आतलं सगळं नीट पाहिलं (चकचकीत आहे, बघून समाधान वाटतं), पुन्हा बसवलं. मनात शंका राहू नये म्हणून खालच्या तेलाच्या चेंबरचा नटही जरा सैल करून बघितला आणि परत आवळला.

आज शनिवार. लाईट आली नाही म्हणून पहाटे शेतावर गेलो नाही. कुणी उठायच्या आत बॅटरी आणि पोतं घेऊन जीपखाली शिरलो आणि उताणा पडून वर नजर लावली. थोड्या वेळानं पावलं वाजली. मला खालून फक्त पाय दिसत होते, पण ती जोडवी मीच औंढ्याच्या जत्रेतून आणलेली. शकुबाई देवळातून येत होती. पाय मारुतीसमोर थांबले. वाटी बोनेटला लागल्याचा आवाज झाला, आणि थोड्याच वेळात माझ्या कपाळावर एक थेंब पडला. मग दुसरा. मग ओठावर. करडीचं, दाजी. घाण्यावरचं करडीचं तेल. मी ते जन्मभर चटणीवर घेत आलो आहे, चुकणार नाही.

आणि ती बोलत होती. मला वाटायचं, ही देवापाशी भावाचं, लेकीचं, हळदीच्या भावाचं मागत असेल. ती म्हणत होती, "मारुतीराया, ह्या खटाऱ्याचं काय बी होऊ दे, पर आत बसलेलं मानूस धड घरला आन. कालव्यातून वर काढलंस तवाच बोलले व्हते तुला, गाडी हाय तवर दर शनवारी तेल घालीन. घालून राहिले. आता सोयरीक जमल्यापासून मंगळवारी बी घालते, लेकीच्या डोक्यावर बापाचा हात ऱ्हावा म्हून. म्या भंगाराचं बोलते ते मनावर घेऊ नको. त्यायला जरा भेव असावं म्हून बोलते. लय खुळं हाय, पर माझं हाय." मग पाय वळले आणि घरात गेले.

दाजी, मला रडू आलं. उताणं पडून रडलं तर पाणी सरळ कानात जातं, हे मला आज कळलं. अबोला धरला होता त्या दिवसांत ही मारुतीला माझ्यासाठी नवस बोलत होती, आणि मी आपल्याला म्हशीच्या गोष्टी सांगत होतो. मी तसाच पडून राहिलो, कारण बाहेर आलो असतो तर तिला कळलं असतं की मी ऐकलं.

आता पेच असा आहे. खरं सांगावं तर गाडी वाचते, पण शकुबाई शरमेनं तेल घालायचं बंद करेल, आणि मला तर ते तेल हवं आहे. न सांगावं तर डाग राहतो. तेव्हा मी दोष इंजिनावर ठेवायचं ठरवलं आहे. दुपारीच बोनेटच्या आत, नाकाखाली, एक चेपलेला डबा तारेनं बांधला. जे येईल ते त्यात जमेल, आणि ते मी संध्याकाळी गुपचूप मारुतीच्या देवळातल्या दिव्यात घालून येईन. देवाचं देवाकडे जाईल आणि फरशी कोरडी राहील.

ताईला माझा नमस्कार सांगू नये, नाहीतर ती विचारेल की पत्र कुठे आहे. साखरपुड्याला दोघांनी आदल्या दिवशीच यावं.

आपला,
संतराम

ता. क. झाकण परत बसवलं असं वर लिहिलं आहे, ते खरं आहे. पण ते बसवल्यावर मूठभर बोल्ट उरले, मधलं गॅस्केट, म्हणजे तेल अडवणारी पातळ चकती, फाटलं, आणि बुधवारपासून गाडी चालू होत नाही. रविवारी पाहुण्यांना फाट्यावरून आणायला हीच गाडी जाणार असं मी साखऱ्याला छातीठोकपणे सांगून बसलो आहे. तेव्हा आदल्या दिवशी नको, परवा सोमवारीच यावं, आणि कळमनुरीचा आपला भीमसिंग मिस्त्री सोबत आणावा. शकुबाईला तो आपला मित्र म्हणून सांगावा. त्याचे कपडे मात्र बदलून आणावेत.

आणखी एक. शकुबाईसमोर आपण बोनेट उघडून, मान हलवून, मोठ्यानं म्हणावं की तेल इंजिनातूनच गळत होतं आणि संतरामनं बराबर जागा शोधली. आपण मोठे आहात, आपल्यावर तिचा विश्वास आहे. माझ्यावरचा तिनं मारुतीकडे सोपवला आहे.

रविवार सकाळ. पाकीट पुन्हा उघडलं. लालसिंग बाहेर उभा आहे. फरशीवर नवा डाग आहे, नाकाखाली नाही, मधोमध. रंग काळा. वास घेतला, चव घेतली, थुंकलो. मुंगी एकही फिरकलेली नाही. कुत्रं हुंगून निघून गेलं. भीमसिंगला आजच घेऊन या.