गोलकीपर हिवराळे, मुक्काम वादी कबीर

२७ डिसेंबर २०२४, शुक्रवार

गल्फ कप. ओमान-युएई एक-एक. ओमान सेमीफायनलला! मॅच कुवेतला झाली, पण तिचं खरं विश्लेषण मस्कतला, वादी कबीरच्या आमच्या हॉलमध्ये झालं. मी कालच ऑफिसात सांगितलं होतं, ड्रॉ होणार. (मी प्रत्येक मॅचला ड्रॉच सांगतो. ओमानच्या तीनपैकी दोन बरोबर आल्या. याला अभ्यास म्हणतात.)

लगेच मजीदसाहेबांचा फोन. साहेब म्हणजे आमचे ओमानी मॅनेजर. मस्कतच्या गाला भागात आमची एसीचे डक्ट बनवायची कंपनी आहे, मी तिथे एस्टिमेशन इंजिनिअर. साहेब ओरडत होते, "रुपेश! तुम तो कोच है! कैसे मालूम पडा?" मी शांतपणे म्हणालो, "सर, मैं अकोला डिस्ट्रिक्ट का गोलकीपर था."

हे खोटं नाही. ९८ साली यादीत माझं नाव होतं. स्टँडबाय म्हणून. म्हणजे स्टँडबायचा स्टँडबाय. टीम अमरावतीला गेली तेव्हा मला कावीळ झाली होती. पण यादी ती यादी.

तृप्ती (माझी मुलगी, नववी) टीव्हीकडे बघत म्हणाली, ओमानचा डिफेन्स सेट व्हायला लेट होतो. मी तिला म्हणालो, तू मॅथ्स बघ. सातवीतच ठरलंय, फुटबॉल बंद. दहावी येतेय, शिवाय मुलीच्या गुडघ्याला काही झालं तर? एकदा सांगितलं, तिने ऐकलं. शिस्तीचं घर आहे.

संकल्प : उद्यापासून पहाटे पाचला रनिंग. कोच म्हटलं की पोट नको.

२८ डिसेंबर

पाचला उठलो. बाहेर अठरा डिग्री. अशा थंडीत स्नायू आखडले तर? झोपलो.

संध्याकाळी तृप्ती मॅथ्सच्या एक्स्ट्रा क्लासहून आली. कोपर खरचटलेलं, मोज्यांत काळे रबराचे दाणे. त्या क्लासच्या बाकांची अवस्था फारच वाईट असावी. देविकाला (माझी बायको) म्हणालो, मी स्वतः जाऊन तक्रार करतो. ती इतक्या घाईने "अहो, नको नको" म्हणाली की तव्यावरची पोळी करपली. बायकांना भिडस्तपणा फार.

२९ डिसेंबर, रविवार

ऑफिसात सगळे कोच म्हणतात. यमनी ड्रायव्हरसुद्धा. फक्त आमचा स्टोअरकीपर ओमप्रकाश, मालवणचा, तेवढा कुजकट. म्हणाला, "अकोल्याक फुटबॉल खेळतत?" मी उत्तर दिलं नाही. मोठ्या माणसाने द्यायचं नसतं.

साहेबांनी मंगळवारी सेमीफायनल बघायला फॅमिलीसह घरी बोलावलं आहे. सीबला. माझा अंदाज विचारला. समोर सौदी. मी विचार केल्यासारखं करून म्हणालो, ड्रॉ. साहेब म्हणाले, सेमीफायनलमध्ये ड्रॉ नसतो. मी म्हणालो, म्हणजे नव्वद मिनिटांपर्यंत. निभावलं.

रनिंग : उद्या नक्की. आज बूट नव्हते.

३० डिसेंबर

बूट घेतले. हातमोजेही घेतले, गोलकीपरचे. दुकानदाराने विचारलं, मुलासाठी का? काही लोकांना नजरच नसते.

मोजे घालून आरशासमोर उभा होतो. तृप्ती दारातून जाताना थांबली, म्हणाली, "पप्पा, तो उलटा आहे. लेफ्टचा राइटला घातला." मी मुद्दाम घातला होता. ग्रिप चेक करायला.

३१ डिसेंबर, मंगळवार

काय दिवस!

सीबला साहेबांचं मोठं घर. बाप्ये मजलिसमध्ये (म्हणजे गाद्या टाकलेली बैठकीची खोली), बायका आत. मला साहेबांच्या शेजारी मानाची जागा. खजूर, काहवा म्हणजे त्यांची कॉफी, वीसेक माणसं, आणि सगळ्यांना साहेब सांगत होते, हा आमचा कोच. मी नम्रपणे मान हलवत होतो.

पहिल्याच हाफमध्ये ओमानचा एक खेळाडू रेड कार्ड घेऊन बाहेर. मी म्हणालो, "खलास." वीस माणसं माझ्याकडे बघायला लागली. तेवढ्यात आतून तृप्तीचा मेसेज आला. पप्पा डोन्ट पॅनिक, आता दहा जण मागे बसतील, सौदी वर येईल, मागे जागा ओपन होईल, काउंटरवर गोल.

मी फोन खिशात टाकला आणि म्हणालो, "खलास, सौदी का खलास. देखो अब." आणि बाकीचं जसंच्या तसं सांगितलं.

चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला गोल! पंच्याऐंशीव्याला दुसरा! सौदीने एक फेडला, पण दहा माणसांत ओमान फायनलला! साहेबांनी मला उचललं. म्हणजे प्रयत्न केला. एका म्हाताऱ्या काकांनी माझ्या कपाळाची पापी घेतली.

मेसेज तृप्तीचा होता हे खरं. पण तृप्ती कुणाची?

परत निघताना देविका, तृप्ती, साहेबांची मुलगी सकिना आणि साहेबांची आई उमामा, चौघी दारात माझ्याकडे बघून हसत होत्या. सकिना तृप्तीएवढीच आहे. दोघी आधीपासून ओळखत असल्यासारख्या बिलगल्या होत्या. मुलींचं लगेच जमतं. गाडीत विचारलं, एवढं काय हसत होतात? देविका म्हणाली, काही नाही, एक सिरियल.

१ जानेवारी २०२५

सकाळी बाबासाहेबांच्या फोटोला हार, भीमा कोरेगावचं अभिवादन. मग ऑफिस.

तिकडे साहेबांनी सगळ्यांना गोळा करून जाहीर केलं. ओमान फायनलला गेलं त्या खुशीत शुक्रवारी सकाळी मॅच. आपली कंपनी विरुद्ध शेजारची टायरवाली कंपनी. सात-सात जण, बघायला सगळ्यांच्या फॅमिली. "और हमारे पास अकोला डिस्ट्रिक्ट है!"

टाळ्या. ओमप्रकाशने सगळ्यांत जोरात वाजवल्या. मला ते आवडलं नाही.

संकल्प : उद्या डबल रनिंग.

२ जानेवारी

पहाटे गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पळालो. परत टॅक्सीने आलो. टॅक्सीवाला ओळखीचा आहे, त्याला वाईट वाटलं असतं.

रात्री जेवताना सहज तृप्तीला विचारलं, समजा पेनल्टी असेल तर कीपरने काय करायचं असतं? जनरल नॉलेज म्हणून. ती ताट बाजूला सारून उठली, हॉलमध्ये उभी राहिली आणि बोलायलाच लागली. घाई करायची नाही. मारणाऱ्याचा उभा पाय बघायचा. तो आधी हलला पाहिजे, आपण नाही. दहा मिनिटं बोलत होती, डोळे असे चमकत होते. मी म्हणालो, बरोबर, मला हेच अपेक्षित होतं. आता मॅथ्स कर.

ती बसली. उरलेली भाजी तशीच ठेवली.

३ जानेवारी, शुक्रवार. दुपार

घोटा मुरगळला आहे. जे झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे पुढे गैरसमज नकोत.

पहिला गोल : ऊन डोळ्यांत.

दुसरा : मी मोजे नीट करत होतो. रेफरीने बघायला हवं होतं.

तिसरा : पायांमधून. असे गोल मोठमोठ्यांना होतात.

चौथा : मी लांब किक मारली, ती त्यांच्या माणसाच्या पाठीला लागून आत आली. तांत्रिकदृष्ट्या हा माझाच गोल.

पाचवा : झेप घेतली. बॉल दुसरीकडे गेला. मी उठलोच नाही.

सोळा मिनिटं झाली होती. घोटा धरला आणि सांगितलं, मुरगळला. तेव्हा तो मुरगळला नव्हता, पण मुरगळल्यासारखं वाटत होतं. मग बाहेर येताना पायरीवर खरंच मुरगळला.

साहेब म्हणाले, "अब कीपर कौन?" तेवढ्यात बाकावरून सकिना ओरडली, "तृप्ती!" आणि वडिलांना अरबीतून भराभर काहीतरी सांगायला लागली. साहेब ऐकत गेले, मग माझ्याकडे वळले. म्हणाले, तुझी मुलगी शाळेच्या टीमची कीपर आहे. नोव्हेंबरात सकिनाची टीम तिच्यामुळे हरली, दोन पेनल्टी अडवल्या तिने. "कोच, मेरी बेटी को मालूम है. तुमको नहीं मालूम?"

सगळे बघत होते. ओमप्रकाशसुद्धा, पण तो हसला नाही. त्याने हसायला हवं होतं.

मी म्हणालो, नाही, तिचा मॅथ्सचा क्लास असतो... आणि मग मला ते रबराचे दाणे आठवले. माझ्या पायाखालच्या नकली हिरवळीत सगळीकडे तेच होते.

तृप्तीने माझ्याकडे बघितलं नाही. आईकडे बघितलं. देविकाने मान हलवली. तृप्ती आली, माझ्या हातांतून मोजे काढून घेतले, मनगटाला घट्ट बांधले आणि गोलमध्ये जाऊन उभी राहिली.

मी गोलच्या मागे खुर्ची टाकून बसलो. मार्गदर्शन करायला कुणीतरी हवं. लेफ्ट, राइट, पुढे, मागे, सगळं ओरडून सांगत होतो. एकदा ती वळली आणि दोन्ही हात जोडून म्हणाली, "पप्पा, प्लीज."

टायरवाल्यांना पेनल्टी मिळाली. मारणारा सहा फुटी. तो पळत आला. तृप्ती हलली नाही. अजून हलली नाही. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बॉल तिच्या छातीशी होता आणि साहेब उड्या मारत होते.

पाच-चारने हरलो. पाचही माझे.

तोच दिवस, संध्याकाळ

घरी आल्यावर विचारलं. देविका म्हणाली, "अहो, दोन वर्षं झाली. फॉर्मवर सह्या मी करते." तृप्ती खाली बघून म्हणाली, "तुम्ही नो म्हणाला होता. मग मी परत नाही विचारला."

मी म्हणालो, विचारायचं होतंस. ती म्हणाली, "विचारला असता तर परत नो म्हणाला असता."

मी रागावलो नाही. फक्त भिंतीकडे तोंड करून पडलो आणि दुपारचं जेवलो नाही. (चिकन होतं. आत्ता जेवलो.)

दोन वर्षं ती मॅच खेळून घरी यायची आणि मी तिला पाढे विचारायचो.

४ जानेवारी, शनिवार

फायनल. ओमान-बहारीन. पुन्हा साहेबांचं घर. ओमप्रकाशही होता. कानाशी येऊन म्हणाला, "हिवराळेनू, आज तोंड उघडू नका हां." मी दुर्लक्ष केलं. काल जे झालं ते झालं, विश्लेषक म्हणून माझं स्थान वेगळं आहे.

ओमानने लवकर गोल केला. एक-शून्य. हाफटाइमलाही एक-शून्य. पंच्याहत्तर मिनिटं झाली, तरी तेच. मजलिसमध्ये लोक मिठ्या मारायला लागले. मला वाटलं, हीच वेळ. समस्त भारतीयांच्या वतीने दोन शब्द बोलायला हवेत. तृप्तीचा मेसेज आला होता, पप्पा अजून संपली नाही. मी वाचला आणि उभा राहिलो.

"मजीद सर, डिअर ब्रदर्स," इथपर्यंत आलो तोच बहारीनला पेनल्टी. गोल.

मी म्हणालो, नो प्रॉब्लेम, आणि पुढचं वाक्य आठवत होतो, तेवढ्यात बॉल आमच्याच माणसाला लागून आमच्याच गोलमध्ये. दोन मिनिटांत दोन. मी अजून उभाच होतो.

बसलो. बहारीन जिंकलं. कपाळाची पापी घेणारे काका आज माझ्यापासून दोन गाद्या लांब सरकले.

निघताना उमामाआजींनी दारात माझ्या हातावर हलवा ठेवला आणि अरबीत काही म्हणाल्या. मला वाटलं, सांत्वन करताहेत. सकिनाने भाषांतर केलं : "आजी म्हणते, खा. तोंड भरलेलं राहील."

घरी निघालो. दार्सैतजवळ तृप्तीला हसू फुटलं. मग देविकाला. मग, का कोण जाणे, मलाही. घाट उतरेपर्यंत हसत होतो. मग मी म्हणालो, पुढची मॅच कधी आहे तुझी? ती एकदम हसायची थांबली. म्हणाली, "फ्रायडेला ट्रायल. इंटरस्कूल टीमचा." मग हळूच म्हणाली, "तुम्ही सोडाल?"

५ जानेवारी, रविवार

ऑफिसात कुणी कोच म्हटलं नाही. साहेबांनी बोलावलं. मला वाटलं, कालच्याबद्दल. त्यांनी डक्टचं एस्टिमेट मागितलं. फक्त जाताना म्हणाले, "तृप्ती को सलाम बोलो."

संकल्प : तिच्यासाठी ट्रेनिंग प्लॅन तयार करायचा. माझा अनुभव वाया जाऊ नये.

८ जानेवारी

प्लॅन तयार. चार पानं. तृप्तीने वाचला, "थँक्यू पप्पा" म्हणाली, घडी घालून ठेवला. मी तिला पेनल्टीबद्दलही काही बारकावे सांगितले. उभा पाय बघायचा वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं. ऐकणारी पोर आहे.

१० जानेवारी, शुक्रवार

पहाटे सहालाच उठलो, गजराविना. तृप्तीची बॅग मी उचलली. मैदानाच्या गेटपाशी ती म्हणाली, पप्पा, तुम्ही आत नका येऊ. गाडीतच थांबा. मी म्हणालो, मी एक शब्द बोलणार नाही. ती म्हणाली, "तुम्हाला जमणार नाही."

थांबलो. मध्ये उंच भिंत, काही दिसत नव्हतं. फक्त आवाज. बॉलवर पाय बसल्याचा, शिट्टीचा, मुलींच्या ओरडण्याचा. मोठा गलका झाला की समजायचं, तृप्तीने अडवला. प्रत्येक वेळी गाडीतून उतरून मी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. तिला पप्पा आहेत हे कळायला हवं. एकूण चार वेळा. चौथ्या वेळी शिट्टीही मारली.

दोन तासांनी बाहेर आली. घामाघूम, गाल लाल. सिलेक्ट झाली! मी म्हणालो, माहीत होतं, चार जबरदस्त सेव्ह केले तू. ती म्हणाली, चार नाही पप्पा, एकोणीस केले. चार तर माझ्यावर गोल झाले.

मी गाडी सुरू केली.

जरा पुढे आल्यावर म्हणाली, सर विचारत होते, बाहेर कोण माणूस आहे, तृप्तीवर गोल झाला की टाळ्या वाजवतो.

मी विचारलं, मग तू काय सांगितलंस?

"मी म्हटलं, नो आयडिया, सर."